निशिगाकीचं गाणं

ओगिसोनं दोन्ही हातांनी खोका पुढे केला आणि ती कमरेत वाकली. मला तो घ्यावाच लागला. काखेत ट्रम्पेटची पेटी, एका हातात झेंड्याची काठी आणि आता दुसऱ्या हातात टोकियोच्या कुठल्याशा नावाजलेल्या दुकानातली मिठाई. अशा अवतारात माणसाला धड रागावताही येत नाही.

"मुराकोशीसान, इतक्या लांबून आलात. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"बसायला जागा मिळाली," मी म्हणालो.

पाहुण्यांच्या दरवाज्याबाहेर आम्ही उभे होतो. बेसबॉलच्या सामन्याला अजून दीड तास होता. आमची बावीस माणसं सकाळच्या गाडीनं आली होती आणि डाव्या बाजूच्या गॅलरीत जागा धरायला पुढे गेली होती. माझ्यासोबत फक्त तोकुनागाबाई होत्या. या आमच्या ढोलवाल्या. सदुसष्ट वर्षांच्या, केस कापायचं स्वतःचं दुकान, आणि जीभही कात्रीसारखीच. ओगिसो म्हणजे यजमानांच्या, टोकियोच्या कॉमेट्स संघाच्या चाहत्यांच्या वाजंत्री पथकाची प्रमुख. चाळिशीची, बारीक अंगाची, दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी बाई. सामन्याआधी दोन्हीकडच्या प्रमुखांनी भेटून नमस्कार-चमत्कार करायचे, हा आमच्यातला रिवाज आहे. गेली पाच वर्षं मी तो दात आवळून पाळत होतो.

"आज निशिगाकीचा निवृत्तीआधीचा शेवटचा सामना," ती म्हणाली. "तोही तुमच्याच, म्हणजे त्याच्या जुन्या संघाशी. म्हणून एक विनंती होती. रागावणार नसाल तर बोलते."

"बोला."

"तो चार वेळा तरी फलंदाजीला येईल. पहिल्या तीन वेळा आम्ही आमचं गाणं वाजवू. चौथ्यांदा तो येईल तेव्हा आम्ही गप्प बसतो. तुम्ही तुमचं वाजवा. ते जुनं. आमच्या सगळ्या लोकांना मी सांगून ठेवलंय."

तोकुनागाबाईंनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. त्यांना रोखावासा वाटणंच बरोबर होतं, कारण असं कुणी करत नाही. आपला संघ फलंदाजी करतो तेव्हा आपण वाजवायचं, समोरच्याचा करतो तेव्हा ट्रम्पेट मांडीवर ठेवून बसायचं. हा नियम मोडला तर वाजवायचा परवाना जातो आणि त्याहून वाईट म्हणजे तोंड दाखवायला जागा उरत नाही. स्वतःची फलंदाजी चालू असताना पाहुण्यांना वाजवू देणारा प्रमुख मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि तो मान ती मला देत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगतो. माझ्याच घरातली वस्तू उचलून नेऊन, कागदात गुंडाळून, वर फीत बांधून कुणी मलाच भेट द्यावी, तसं झालं.

"गाणं खेळाडूचं नसतं, संघाचं असतं," मी म्हणालो. "तो गेला, गाणं संपलं. आम्ही नाही वाजवणार."

ओगिसोचा चेहरा जरासा उतरला. पण ती परत वाकली. "तरीही आम्ही थांबू," एवढंच म्हणाली आणि गेली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तोकुनागाबाई म्हणाल्या.

"नियम आहे."

"कुणाचा? तुम्हीच केलेला! तो गेला त्या दिवशी बैठकीत टेबलावर मूठ आपटून केलात. मी तेव्हाच म्हटलं होतं, एकदा शेवटचं वाजवू द्या म्हणून."

"बाई, ढोल उचला."

"उचलते. आणि चौथ्या वेळी काठ्या घेऊन उभी राहते. पोरांना काही सांगणार नाही मी. पण उभी राहणार, प्रमुखसाहेब. मग तुमचं तुम्ही बघा."

हे गाणं माझ्यासाठी काय आहे ते सांगायला हवं. मी महापालिकेच्या पाणीखात्यात आहे. घरोघरी जायचं, अंगणातलं लोखंडी झाकण उचलायचं, खाली वाकून मीटरवरचा आकडा टिपायचा, झाकण लावायचं. रोज दोनशे घरं. लग्न होता होता राहिलं, कारण सगळ्या सुट्ट्या सामन्यांमागे फिरण्यात गेल्या. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. माझ्या जागी जो येईल तो तेच आकडे टिपेल आणि मी होतो की नव्हतो यानं कुणाच्या नळाला फरक पडणार नाही. अख्ख्या आयुष्यात आधी नव्हती अशी एकच गोष्ट माझ्या हातून झाली, ती म्हणजे निशिगाकी शुनचं गाणं.

तो एकोणीस वर्षांचा असताना आमच्या सीगल्समध्ये आला. आमच्याच बंदरगावचा पोरगा, दुसऱ्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करायचा, हडकुळा, कुणाला त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. प्रत्येक फलंदाजाला स्वतःचं गाणं लागतं आणि ते वाजंत्रीवाल्यांनीच रचायचं असतं. त्याचं मी रचलं. झाकण उचलायचं, टेकवायचं, ठोकून बसवायचं, त्या तालावर चाल सुचली आणि पुढची चार घरं मी आकडे चुकीचे टिपले. शब्द साधे होते: धाव रे निशिगाकी, भरती आली, धाव. नऊ वर्षं तीस हजार माणसं ते गात होती. कुणालाही ते कुणी रचलं हे माहीत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

मग करार संपला आणि तो टोकियोला गेला. त्याला नवीन गाणं मिळालं. ते ओगिसोनं रचलं.

त्याच्या आईचं घर माझ्या फेरीत येतं. दर दोन महिन्यांनी मी तिच्या अंगणात वाकतो, ती मला गार बार्लीचा चहा देते. पूर्वी कपडे वाळत घालताना ती माझी चाल गुणगुणायची. मी मुद्दाम झाकण सावकाश लावायचो. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मी आकडा टिपत होतो आणि ती मोजे चिमट्यांत अडकवत वेगळंच काही गुणगुणत होती. मी ओळखलं. चहा तसाच ठेवून उठलो. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते विझलेलं नाही, हे मी आता कबूल करतो. निशिगाकीवरचा माझा राग एका हंगामात गेला. या बाईवरचा गेला नाही.

गाणं वाईट असतं तर मी सुखानं जगलो असतो.

सामना सुरू झाला. सप्टेंबरचं ऊन तिरपं आमच्या डोळ्यांत येत होतं. पाहुण्यांना नेहमी तीच बाजू मिळते. आमचा पहिला फलंदाज आला, मी ट्रम्पेट ओठाला लावलं आणि तिसऱ्याच सुरावर आवाज फाटला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी खोकून ते झाकल्यासारखं केलं. तोकुनागाबाईंनी ढोलावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग आम्ही खाली बसलो आणि त्यांची फलंदाजी आली. निवेदकानं निशिगाकीचं नाव घेतलं. उजव्या बाजूची अख्खी गॅलरी उठली.

तिच्या गाण्यात आधी सुरावट नाहीच. नुसत्या टाळ्या, मोजून आठ, सावकाश. हजारो माणसांच्या, एकाही टाळीचा पाय न घसरलेल्या. आणि मग एकच ट्रम्पेट, तिचं, खालच्या सुरात. बाकीची बारा नंतर येतात. मला असं कधी सुचलं नसतं. मी पहिल्या सुरापासून सगळ्यांना तुटून पडायला लावतो. तिला थांबता येतं.

हे मी मैदानात आणि दूरदर्शनवर पन्नासदा ऐकलं होतं, पण मैदानात तो आला की मी मान खाली घालून बसायचो. आज डोळ्यांनी पाहिल्यावर एक गोष्ट कळली, जी दूरदर्शनवाल्यांनी कधी दाखवली नव्हती. टाळ्या सुरू झाल्या की निशिगाकी फलंदाजाच्या चौकटीबाहेर उभा राहायचा. आठवी टाळी पडली की त्याचं डावं पाऊल आत पडायचं. बरोब्बर तिच्या पहिल्या सुरावर.

नऊ वर्षं तो आमच्याकडे होता. माझ्या गाण्यावर त्याचं पाऊल एकदाही पडलं नाही. तो आपला यायचा, दोनदा बॅट आपटायचा, उभा राहायचा. गाणं एकीकडे, तो एकीकडे. मला वाटायचं, भिडस्त पोरगा आहे.

"बघितलंत?" मी न राहवून तोकुनागाबाईंना म्हणालो. "पाऊल बघितलंत त्याचं?"

"बघितलं. छान टाकतो."

"आपल्याकडे कधी टाकलं?"

"आपल्याकडे होता तेव्हा विशीतला होता तो. बिचारा चेंडू दिसतोय का एवढंच बघत असेल. आता जाणता झालाय. तुम्ही त्याचा पण हिशेब मांडून बसलात?"

तो पहिल्यांदा बाद झाला. दुसऱ्यांदा चार चेंडू सोडून देऊन फुकटचा बेस मिळवला. तिसऱ्यांदा पुन्हा बाद. तिन्ही वेळा आठ टाळ्या, तिन्ही वेळा डावं पाऊल. तिसऱ्या वेळी मी बघायचं नाही असं ठरवून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसलो, आणि माझ्याच पायाचा अंगठा बुटात आठ मोजत होता.

आठवा डाव आला, म्हणजे त्याची चौथी पाळी. आम्ही दोन धावांनी मागे होतो, पण आमच्या माणसांना त्याचं फार नव्हतं. सगळे निशिगाकीसाठीच आले होते. काहींनी त्याच्या जुन्या आकड्याचे आमचे निळे सदरे घातले होते. पाच वर्षं कपाटात ठेवलेले, घड्या स्पष्ट दिसत होत्या.

निवेदकानं नाव घेतलं. उजव्या बाजूची गॅलरी उठली आणि टाळी वाजली नाही.

झेंडे खाली आले. तेरा ट्रम्पेटं खाली आली. अगदी पुढे, कठड्याशी, ओगिसो आमच्याकडे तोंड करून वाकली, आणि तिच्या मागे हजारो माणसं वाकली. पाठीवर बिअरच्या टाक्या घेऊन पायऱ्यांवर ओरडणाऱ्या पोरीसुद्धा गप्प झाल्या. एवढ्या मोठ्या मैदानात कुणीतरी कागदी पिशवी चुरगळली ती मला ऐकू आली.

आमच्या माणसांना एका क्षणात सगळं समजलं. बावीस चेहरे माझ्याकडे वळले. "प्रमुख!" मागून कुणीतरी कुजबुजलं. तोकुनागाबाई काठ्या खांद्याइतक्या उंच धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

ट्रम्पेट माझ्या हातात होतं. मला फक्त ते वर न्यायचं होतं.

पहिला चेंडू बाहेरून गेला. निशिगाकीनं सोडला.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते. मी वाजवलं तर उद्या सगळे म्हणणार, ओगिसोचं मन किती मोठं. गाणं माझं आणि कौतुक तिचं. एवढाच विचार. साठीला आलेला माणूस, तीस हजार लोक श्वास धरून थांबलेले, आणि माझ्या डोक्यात हे. वेळ आहे, असंही मनात होतं. फलंदाज चार-पाच चेंडू तरी राहतो.

दुसरा चेंडू त्यानं मारला, तो रेषेबाहेर गेला.

मग तो चौकटीतून बाहेर आला. हातमोज्याचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. ज्याला घाई असते तो असं करत नाही. त्यानं मान वर केली आणि डाव्या बाजूला, उन्हात, आमच्याकडे पाहिलं. नजर रांगांवरून हळूहळू सरकत होती. त्यानं मला ओळखलं असेल असं मी म्हणत नाही. माझं तोंड त्याला माहीत असण्याचं कारण नाही. पण तो वाट बघत होता, आणि ज्याची वाट बघत होता ते माझ्यापाशी होतं.

आतलं सगळं एकदम सुटलं. ओगिसो गेली, तिच्या टाळ्या गेल्या, पाऊल गेलं. मी ट्रम्पेट उचललं, ओठ टेकवले, पोटापासून श्वास भरून घेतला.

आमचा चेंडू टाकणारा पोरगा बावीस वर्षांचा आहे, त्याला ही जुनी प्रकरणं काय माहीत. त्यानं टाकला. निशिगाकीनं मारला. चेंडू दोन टप्पे खात सरळ आमच्या दुसऱ्या बेसवाल्याकडे गेला, निशिगाकी नऊ वर्षं जिथे उभा राहायचा तिथे. त्यानं उचलून पहिल्या बेसला फेकला. निशिगाकी जिवाच्या आकांतानं धावला आणि तीन पावलांनी बाद झाला.

श्वास माझ्या छातीत तसाच होता. तो बाहेर सोडायलाच हवा होता, म्हणून सोडला. ट्रम्पेटमधून नुसती हवा गेली.

परत जाताना निशिगाकी थांबला, हेल्मेट काढलं आणि आमच्या बाजूला वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या, दोन्ही बाजूंनी, न मोजलेल्या, थांबेनात. मला आधी कळेना की कशासाठी. मग शेजारचे आमचे एक गृहस्थ, मासळीबाजारातले, डोळे पुसत माझा हात धरून म्हणाले, "प्रमुख, काय सुचलं तुम्हाला! गाण्यापेक्षा ही शांतता... आम्ही तर वाजवूनच मोकळे झालो असतो."

 तोकुनागाबाईंनी काठ्या पिशवीत घातल्या. "पोट भरलं?" त्या हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं. त्यांचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता आणि म्हणूनच मला जास्त लागला.

सामना आम्ही हरलो. निशिगाकीला सहकाऱ्यांनी हवेत उडवून झेललं, भाषण झालं, फुलं झाली. माणसं पांगायला लागली. आमचे लोक झेंडे गुंडाळत असताना ओगिसो उजवीकडून पायऱ्या चढत-उतरत, अख्ख्या मैदानाला वळसा घालून आमच्यापर्यंत आली. धापा टाकत होती. डोळे लाल होते.

"मुराकोशीसान," ती म्हणाली, "मला तुमचा हेवा वाटला."

मी वळून तोकुनागाबाईंकडे पाहिलं.

"खरंच सांगते. पाच वर्षं मी आमच्या लोकांना शिकवतेय, थांबा, थांबा, सूर येण्याआधी थांबा. आठ टाळ्यांच्या वर मला कधी थांबता आलं नाही. भीती वाटते हो. आणि तुम्ही अख्खीच्या अख्खी फलंदाजी रिकामी सोडलीत. मी सकाळी विनंती करायला आले तेव्हाच तुमचं ठरलेलं होतं ना? आणि मी खुळी, तुम्हाला उदारपणा दाखवायला आलेले."

पाच वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. तिच्याच तोंडून, असंच, धापा टाकत. आंघोळीच्या टबात बसून मी हे वाक्य तिच्या तोंडी किती वेळा घातलं असेल याला गणती नाही. नुसतं हसून मान हलवायची होती. तोकुनागाबाई ढोलाचा पट्टा आवळायचं नाटक करत होत्या.

"ठरलेलं काही नव्हतं," मी म्हणालो. "मी जळत होतो. तुमच्यावर. पाच वर्षं. शेवटी वाजवायला गेलो तर उशीर झाला. श्वाससुद्धा घेतला होता."

 ओगिसोनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ट्रम्पेटकडे. मी ते अजून पेटीत ठेवलेलं नव्हतं.

"मला ते गाणं पूर्ण येत नाही," ती म्हणाली. "रेकॉर्डिंगवर लोकच ओरडत असतात. दुसऱ्या ओळीनंतर तुमची बोटं कुठे जातात ते कळत नाही. दाखवता?"

सामना संपल्यावर वाजवायला बंदी असते. आजूबाजूला राहतात लोक. मी ट्रम्पेट छातीशी धरलं, तोंडापासून दूर, आणि नुसत्या कळा दाबायला सुरुवात केली. धाव रे निशिगाकी. तीन कळांचा खटखट आवाज तेवढा येत होता. ती वाकून, कपाळाला आठ्या घालून, माझी बोटं बघत होती. दुसरी ओळ झाली. तिसरीला तिचे ओठ हलायला लागले. तोकुनागाबाईंनी पट्टा सोडला आणि मांडीवर दोन बोटांनी ताल धरला.

"चला, चला, बाजू रिकामी करायचीय," खालून झाडूवाला ओरडला. "शेवटचेच राहिलात तुम्ही."

"एकच ओळ," ओगिसो त्याला म्हणाली. पण तो कचऱ्याची मोठी पिशवी घेऊन आमच्याच रांगेत शिरला होता. त्याला वाट द्यायला आम्ही तिघंही बाजूला झालो.